इंजिनाचा पिवळा दिवा

माझ्या नवऱ्याने मला गाडी शिकवली, असं तो अजूनही चारचौघांत सांगतो. साफ खोटं. मी दिल्ली कँटोन्मेंटात वाढले, वडील फौजेत सुभेदार होते, आणि मी कॉलेजात असतानाच त्यांनी शेजाऱ्यांच्या जुन्या गाडीवर माझ्याकडून क्लच-गिअर घोटून घेतले होते. नवरा पुण्याचा. लग्न होऊन आम्ही इकडे राहायला लागलो तेव्हा साहेबांना फक्त स्कूटर येत होती, आणि हिंदी म्हणजे 'भैया, इधर से उधर जाने का है' एवढीच. तरी रिक्षावाल्याने रस्ता चुकवला की मीच नीट बोलले नाही, असं त्याचं म्हणणं असायचं.

तो गुडगावात एका परदेशी कंपनीत लागला होता. गुरुग्राम वगैरे तेव्हा कोणी म्हणत नव्हतं. सगळा देश नुकताच श्रीमंत झाल्यासारखा वागत होता, आणि सगळ्यात जास्त गुडगाव. मोहरीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आमच्यासारखी माणसं कर्ज काढून त्यांच्या आसपास फ्लॅट घेत होती. आमच्या सोसायटीला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव होतं. गेटावर कारंजं, घरात मात्र टँकरचं पाणी, आणि वीज गेली की जनरेटर अख्खी इमारत थरथरवायचा. पाहुणे आले की नवरा त्यांना आधी कारंजं दाखवायला न्यायचा. फ्लॅटचा हप्ता कापला गेला की उरलेल्या पगारात महिना रेटताना आमच्या नाकी नऊ यायचे, पण ते कोणाला दाखवायचं नाही, असा तिथला रिवाज होता.

मी दिल्लीत मुनिरकाच्या पलीकडे एका शाळेत नववी-दहावीला फिजिक्स शिकवायचे. सोसायटीपासून बस नव्हती. मेट्रो यायला अजून बरीच वर्षं होती. हायवेपर्यंत सायकलरिक्षा आणि तिथून शेअर जीप, तीही अशी की चौघांच्या जागेत आठ जण कोंबलेले आणि त्यातले दोघे मुद्दाम बाईमाणसाला चिकटून. काही महिने ते सहन केलं, मग घरात आदळआपट करून एक सेकंडहँड गाडी घ्यायला लावली. नवऱ्याला ऑफिसची कॅब दारातून न्यायची आणि दारात आणून सोडायची, म्हणून गाडी माझी. गाडी आहे तर नोकरी आहे, गाडी नाही तर नोकरी नाही, हे आम्हा दोघांनाही स्वच्छ ठाऊक होतं. आणि मला ती नोकरी हवी होती. पैशांसाठी हवी होतीच, पण खरं सांगायचं तर त्या वर्गात मी कोणाची भाभीजी नव्हते. तिथे माझं बोलणं चाळीस मुलं गपचूप ऐकायची, आणि मला ते मनापासून आवडायचं.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी गाडी सुरू केली तर डॅशबोर्डवर तो इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा. तसा तो रोजच किल्ली फिरवली की लागायचा आणि इंजिन सुरू झालं की विझायचा. त्या दिवशी विझला नाही. शाळेत जाताना पेटलेला, येताना पेटलेला. चार-पाच दिवसांत गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला, टाकी भराभर रिकामी व्हायला लागली, आणि शाळेच्या वाटेवर महिपालपूरच्या सिग्नलला गाडी आचके देऊन बंद पडायला लागली. मागे हॉर्नचा कल्ला, आणि कोणीतरी खिडकीतून डोकं काढून ओरडणार, 'लेडीज है!' जसं काही पुरुषांच्या गाड्या बंद पडतच नाहीत.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. बूट काढायच्या आधी त्याने निदान केलं.

'तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस.'

'अरे, क्लचचा आणि या दिव्याचा काय संबंध?'

'संबंध असतो. तुला नाही कळणार.'

फिजिक्स मी शिकवत होते. तो मार्केटिंगमध्ये होता.

मी जुन्या गुडगावातल्या एका मेकॅनिककडे गेले. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर काढली आणि स्टुलावर बसून शांतपणे बिडी ओढली. बिडी संपल्यावर वायर परत लावली. दिवा गेला! मी खूश. पैसे देऊन घरी आले. चौथ्या दिवशी दिवा परत. पुन्हा त्याच्याकडे. पुन्हा तीच वायर, तीच बिडी आणि परत पैशासाठी पुढे केलेला हात. बॅटरी काढली की गाडीतला कॉम्प्युटर झाला बिघाड विसरतो आणि तो परत आठवेपर्यंत दिवा गप्प बसतो, हे मला नंतर कळलं. त्या माणसाला ते नक्कीच ठाऊक होतं. मी जाब विचारला तर म्हणतो, 'मॅडमजी, लाइट ही तो है. इंजन तो चल रहा है ना?' असल्या माणसाला गिऱ्हाइकं लाभतात याचंच मला नवल वाटलं.

मग शनिवारी सर्व्हिस सेंटर. तिथे नवरा बरोबर आला, कारण तिथे एसी होता आणि कॉफीचं मशीन होतं. काचेचा महाल नुसता. टाय लावलेला एक सल्लागार आला आणि सगळा वेळ नवऱ्याशी बोलत राहिला. गाडी मी चालवत आणली, किल्ली माझ्या हातात, बिघाड मी सांगतेय, आणि हा विचारतो, 'सर, मॅडम क्लच पे पैर रखती होंगी?' नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की आता तरी पटलं ना! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, तुमच्याकडे तपासायचं यंत्र आहे, ते लावा. तर म्हणे यंत्र दुसऱ्या वर्कशॉपला गेलंय, दोन आठवडे येणार नाही. पण एस्टिमेट मात्र तयार! गाडीचा अख्खा कॉम्प्युटरच बदलावा लागेल. ऐकून नवऱ्याने कॉफीचा कप खाली ठेवला. तेवढ्या पैशांत आमचे दोन हप्ते गेले असते.

'यंत्राशिवाय कसं कळलं कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून?' मी विचारलं.

'मॅडम, एक्सपीरियन्स.'

कपाळ माझं. आम्ही तसेच परत आलो.

आता सोसायटीत बातमी पसरली. तिथे कोणाच्या घरी काय शिजलं हे कळायला फोडणीसुद्धा लागत नसे. आमचे सेक्रेटरी, गाड्यांतले तज्ज्ञ, कारण त्यांच्या मेव्हण्याच्या दोन गाड्या होत्या, खाली आले आणि खिशातून काळ्या टेपचं बंडल काढून त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या डॅशबोर्डवर तुकडा चिकटवला. 'लो भाभीजी, बुझ गई!' वर हसणं. नवराही हसला. सगळ्या गुडगावची रीत तीच होती, जे दिसतं ते झाकलं की झालं काम. मी त्या दोघांसमोर नखांनी खरवडून टेप काढली आणि सेक्रेटरींच्या हातात ठेवली. तेव्हापासून मी सोसायटीत 'तेज', म्हणजे तिखट बाई, म्हणून प्रसिद्ध झाले.

डिसेंबर आला, धुकं सुरू झालं. धुक्यात सिग्नलला बंद पडणारी गाडी म्हणजे जिवाशी खेळ, ते मलाही कळत होतं. पण नवऱ्याला एकदम माझी फार काळजी वाटायला लागली. रविवारी तो पुण्याला आईला फोन करायचा, तेव्हा मी स्वयंपाकघरातून ऐकायचे, 'हो ना आई, तशीच फिरते ती, मला सारखा घोर लागलेला असतो.' घोर म्हणे! सकाळी मी काचेवरचं दव पुसत असायचे तेव्हा हा कॅबमध्ये मान टाकून घोरत असायचा.

शेवटी एका गुरुवारी जेवताना त्याने सांगून टाकलं.

'गाडी विकू या. ऑफिसातला एक जण आहे तशीच घ्यायला तयार. रविवारी येतोय बघायला.'

'आणि मी शाळेत कशी जाऊ?'

'एखादं वर्ष ब्रेक घे ना यार. इथेच ट्यूशन्स कर. माझ्या टीममधल्या कोणाची बायको इतक्या लांब जाते?'

'तुझ्या टीममधल्या कोणाची बायको काय करते ते मला ऐकवू नकोस.'

'मग दुरुस्त करून दाखव. रविवारपर्यंत.'

दाखव म्हणाला. आणि वर भात वाढून घेतला. मला इतका राग आला की मी ताटावरून उठले.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी मुनिरकातल्या एका सायबर कॅफेत गेले. पोरांनी भरलेली अंधारी खोली, एकेक पान उघडायला युगं लागायची. पण माझ्या मॉडेलची गाडी परदेशातही विकली जात होती, आणि तिथल्या हौशी माणसांनी आपसांत लिहून ठेवलं होतं की यंत्र नसलं तरी चालतं. बॉनेटखाली बॅटरीजवळ एक छोटा, कशालाच न जोडलेला प्लग असतो. त्याची ठरावीक दोन भोकं तारेने जोडायची आणि इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवायची. मग तोच पिवळा दिवा उघडझाप करून बिघाडाचा आकडा सांगतो. म्हणजे जो दिवा तीन पुरुष मिळून विझवायला बघत होते, तो बिचारा विचारण्याचीच वाट बघत होता. मी ती भोकं कुठली आणि कुठला आकडा म्हणजे कुठला बिघाड ते डोक्यात पक्कं बसवलं आणि निघाले.

शनिवारी दुपारी नवरा डुलकी काढत असताना मी पार्किंगमध्ये उतरले. केसांतला आकडा काढला, सरळ केला, त्या भोकांत बसवला आणि किल्ली फिरवली. दिवा एकदा लुकलुकला, थांबला, मग चारदा. म्हणजे चौदा. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. मी गाडीत बसून मोठ्याने म्हणाले, 'अगं बाई, एवढंच?' इंजिनातलं पाणी किती तापलंय ते सांगणारा एक अंगठ्याएवढा सेन्सर असतो, त्याचा संपर्क तुटला होता. कॉम्प्युटरला वाटत होतं की इंजिन अजून गारठलेलंच आहे, म्हणून तो पेट्रोल ओतत सुटला होता. वास त्याचाच होता आणि आचकेही त्याचेच.

सेन्सर सापडला, इंजिनाच्या वरच्याच बाजूला. त्याच्यावर दोन वायरींचा प्लग होता, पण तो पुरता बसलेला नव्हता, बोट लावताच हलला. ओढून काढला. आतल्या पिना हिरव्या-पांढऱ्या पडलेल्या, पितळेच्या देवांना वर्षभर चिंच लावली नाही की चढतो तसा थर. सगळं चिकट. आणि रबराच्या कडेत अडकलेला, कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा.

अक्षता!

मग मला लख्ख आठवलं. दसऱ्याला गाडीची पूजा आमच्यात सगळेच करतात. माझे वडील बंपरला झेंडूचा हार घालायचे, बॉनेटवर स्वस्तिक काढायचे, चाकापुढे नारळ फोडायचे, झालं. पण माझ्या नवऱ्याला एवढ्यावर कसं भागेल? त्याने बॉनेट उघडलं. 'पूजा शस्त्राची करायची असते, म्यानाची नाही,' हे त्याने जमलेल्या शेजाऱ्यांना मोडक्या हिंदीत समजावलं. आधी टूथब्रशने इंजिन घासलं, त्यासाठी हाताला येईल तो प्लग उपटला आणि मग कसाबसा परत खुपसला. इंजिनावर हळद, कुंकू, अक्षता. आणि शेवटी नारळ फोडून त्याचं सगळं पाणी तीर्थासारखं त्या इंजिनावर. मी म्हटलं होतं, 'अरे, वायरी आहेत तिथे.' तर म्हणे, 'बाबांनी जन्मभर स्कूटरवर हेच केलं. काही झालं का स्कूटरला?' स्कूटरला मेंदू नव्हता, तिला होणार काय! शेजारणींनी मात्र टाळ्या वाजवल्या होत्या. महाराष्ट्राची संस्कृती पाहायला मिळाली म्हणून.

वर जाऊन मी जुना टूथब्रश आणला, आणि नवऱ्याचं दाढीनंतर लावायचं लोशनही आणलं, दिवाळीला ऑफिसातून मिळालेलं. त्यात स्पिरिट असतं. पिना घासून लखलखीत केल्या, लोशनने धुतल्या, वाळवल्या आणि प्लग 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबला. बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवली, बिडीशिवाय. गाडी सुरू केली. दिवा लागला आणि विझला. महिपालपूरच्या सिग्नलपर्यंत जाऊन आले, मुद्दाम दोनदा लाल दिवा पकडला. गाडी एकदाही बंद पडली नाही. परत येताना मी गाणं म्हणत होते, आणि माझा आवाज अगदी भसाडा आहे.

नवरा उठून चहा करून घेत होता. मी तो दाणा त्याच्या पुढ्यात, ओट्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. उद्या त्या माणसाला येऊ नको म्हणून कळव, असंही म्हटलं.

त्याने दाणा बोटाने उलटवून पाहिला. मग म्हणाला, 'हा पूजेचाच कशावरून?'

'नाहीतर काय, इंजिनात पुलाव शिजत होता?'

मला वाटलं आता चिडेल, निदान ओशाळेल तरी. त्यातलं काहीच झालं नाही. गाडी नीट झाली, खर्च वाचला, तर माणसाच्या तोंडावर थोडा तरी आनंद दिसावा. हा मात्र कुठलीशी गाडी चुकल्यासारखा चेहरा करून उभा.

'पण मी आईला सांगून टाकलंय,' तो म्हणाला.

'काय सांगून टाकलंयस?'

'ती जानेवारीत येतेय. आपल्याकडे राहायला, कायमची. तू घरी असशील म्हणून.'

'कधी ठरलं हे?'

'झाले थोडे दिवस.'

थोडे दिवस! म्हणजे गुरुवारी भात वाढून घेताना 'दुरुस्त करून दाखव' म्हणाला, तेव्हा आधीच ठरलेलं होतं. हा दोन महिने बिघाडाची काळजी करत नव्हता, तो बिघाडावर विसंबून होता. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले. मला घरी बसवायचं होतं तर तोंडाने सांगायचं होतं. भांडलो असतो. पण नाही, एका दिव्याच्या आडून!

मी हॉलमध्ये गेले आणि पुण्याचा नंबर लावला. तो मागोमाग आला, 'अगं, आत्ता नको, आत्ता नको,' करत.

'अगं बरं झालं तूच फोन केलास,' सासूबाई म्हणाल्या. 'मला तुझी फार काळजी लागली होती. नोकरी झेपत नाही म्हणालीस, गाडीची धास्ती घेतलीस, एकटीला घरात करमणार नाही म्हणालीस…'

'आई, हे मी म्हणाले?'

'तो म्हणाला, तू म्हणालीस. तुला सोबत हवी म्हणून तर निघालेय मी. नाहीतर मला काय पडलंय गं त्या गुडगावात? इथे माझी भिशी आहे, सकाळची टेकडी आहे, मैत्रिणी आहेत. घर भाड्याने द्यायला काढलंय, उद्या बघायला माणसं येणार आहेत. रात्री झोप नाही मला.'

'आई, मला नोकरी सोडायची नाही. कधीच सोडायची नव्हती. आणि तुम्हीही घर सोडू नका.'

त्यांनी मोठा श्वास सोडला, तो मला स्पष्ट ऐकू आला.

'मग मी उद्याच्या माणसांना नको म्हणून सांगते,' त्या म्हणाल्या. 'आणि त्याला दे जरा.'

मी रिसीव्हर त्याच्यापुढे धरला. 'घे. दोघींना काय हवं होतं ते आता तूच तुझ्या आईला सांग.'

त्याने तो कानाला लावला. पलीकडून त्या काय म्हणाल्या मला माहीत नाही. त्याने घसा साफ केला, माझ्याकडे पाठ केली आणि विचारलं, 'आई, तिकडे थंडी पडली का गं?'